हौतात्म्य की धर्मांतर? ज्यूंच्या मध्ययुगीन शोकांतिकेचा गोव्यातील अध्याय

बारामती - इंदापूरच्या मातीशी एक वीरमरण जोडलेले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांना इंदापूरच्या लढाईत मरण आले, असे परंपरा सांगते. रणांगणावर शस्त्र हाती असताना आलेल्या मरणाला आपल्याकडे वीरमरण म्हणतात. मात्र इतिहासात मरणाचा आणखी एक प्रकार आहे. हाती शस्त्र नाही, पाठीशी राज्य नाही, समोर दोनच पर्याय आहेत : धर्म सोड किंवा प्राण सोड. मध्ययुगातील युरोपात ज्यू अर्थात यहुदी समाजापुढे हा प्रश्न शतकानुशतके उभा राहिला. त्याची धग पुढे अरबी समुद्र ओलांडून गोवा, वसई, चौल आणि मुंबईपर्यंत पोहोचली. ज्या काळात भीमा-नीरेच्या खोऱ्यावर निजामशाही आणि आदिलशाही हक्क सांगत होत्या, त्याच काळात निजामशहाच्या दरबारात वावरलेल्या एका पोर्तुगीज वैद्याची हाडे मरणानंतर बारा वर्षांनी गोव्यात उकरून जाळण्यात आली. कारण एकच, तो छुपा ज्यू होता, हा ठपका. या दीर्घ शोकांतिकेचा हा मागोवा.

'नामाचे पावित्र्य' म्हणजे काय?

मराठीतील 'हुतात्मा' हा शब्द 'हुत' आणि 'आत्मा' यांपासून बनला आहे. स्वतःची आहुती देणारा, असा त्याचा अर्थ. ज्यू परंपरेत यासाठी 'किद्दुश हाशेम' अशी हिब्रू संज्ञा आहे. तिचा शब्दशः अर्थ 'नामाचे पावित्र्य राखणे' असा होतो. नाम म्हणजे ईश्वराचे नाम. श्रद्धेसाठी मरण पत्करणे हा त्या नामाचा सर्वोच्च सन्मान मानला गेला.

तथापि, ज्यू धर्मशास्त्राने मरणाचा सरसकट पुरस्कार केलेला नाही. जीव वाचविण्यासाठी बहुतेक धर्मनियम मोडण्याची मुभा तालमूद हा ग्रंथ देतो. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा नियमही त्यासाठी बाजूला ठेवता येतो. अपवाद फक्त तीन. मूर्तिपूजा, व्यभिचारासारखे निषिद्ध लैंगिक संबंध आणि मनुष्यहत्या. या तीन गोष्टींची सक्ती झाल्यास मरण पत्करावे, पण त्या करू नयेत, असे हे शास्त्र सांगते. धर्मांतराची सक्ती झाली, की प्रश्न यातील पहिल्या अपवादाशी येऊन भिडत असे. बाप्तिस्मा घेणे म्हणजे मूर्तिपूजा करणे काय, केवळ ओठांनी उच्चारलेल्या कबुलीने धर्म बुडतो काय, सक्तीने बाटलेल्याला समाजात परत घ्यावे काय, या प्रश्नांवर पुढे अनेक शतके खल होत राहिला. सक्तीने धर्मांतरित झालेल्यांसाठी हिब्रूत 'अनुसीम' हा स्वतंत्र शब्द आहे. 'ज्यांच्यावर बळजबरी झाली ते', असा त्याचा अर्थ. या शब्दात दोषारोप नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

ऱ्हाइनकाठचे वर्ष 1096

या इतिहासातील सर्वांत भीषण टप्पा पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी आला. जेरुसलेम जिंकण्यासाठी निघालेल्या जमावांनी वाटेतच, जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांतील ज्यू वस्त्यांवर हल्ले केले. मे 1096 मध्ये स्पायर, वर्म्स आणि माइन्झ या तीन शहरांवर एकापाठोपाठ संकट कोसळले. स्पायरमध्ये तेथील बिशपने ज्यूंना आश्रय दिला, त्यामुळे मृतांचा आकडा अकरावर थांबला. वर्म्समध्ये सुमारे आठशे जण मारले गेले. माइन्झमध्ये ही संख्या हजाराच्या पुढे गेली असे मानले जाते.

माइन्झच्या ज्यूंनी आर्चबिशपच्या वाड्यात आसरा घेतला होता. काउंट एमिखो याच्या नेतृत्वाखालील जमाव दरवाजे तोडून आत शिरला, तेव्हा आतील अनेकांनी बाप्तिस्म्यापेक्षा मरण जवळ केले. काहींनी मारेकऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून आधी स्वतःच्या मुलांचा आणि मग स्वतःचा जीव घेतला. बाराव्या शतकातील हिब्रू बखरींनी या प्रसंगाचे वर्णन जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातील यज्ञबलीच्या परिभाषेत केले आहे. या कृत्याला धर्मशास्त्राचा आधार होता काय, यावर ज्यू पंडितांमध्ये नंतरही एकमत झाले नाही. स्वतःच्या लेकरांचा वध हे शास्त्राला मान्य होणे कठीणच होते. मात्र त्या मृतांना दोष देण्यासही समाज धजावला नाही. त्यांची नावे स्मृतिग्रंथांत नोंदली गेली, प्रार्थनास्थळांत ती वाचली गेली आणि त्यांच्या स्मरणाची प्रार्थना नित्य उपासनेत सामावली गेली.

सर्वांनीच मरण पत्करले असे मात्र नाही. रेगेन्सबर्ग येथील ज्यूंना जमावाने डॅन्यूब नदीत ढकलून सामुदायिक बाप्तिस्मा दिला. पुढच्याच वर्षी, 1097 मध्ये, सम्राट चौथा हेन्री याने अशा सक्तीने बाटलेल्यांना मूळ धर्मात परतण्याची परवानगी दिली. चर्चच्या बाजूने याला आक्षेप घेण्यात आला. एकदा झालेला बाप्तिस्मा पुसता येत नाही, ही त्यामागची भूमिका. पुढील सर्व शोकांतिकेचे बीज या एका वाक्यात आहे.

इंग्लंडमध्ये मार्च 1190 मध्ये यॉर्क शहरात याच प्रसंगाची पुनरावृत्ती झाली. राजाच्या किल्ल्यातील लाकडी बुरुजात आश्रय घेतलेल्या सुमारे दीडशे ज्यूंना दंगलखोरांनी वेढले. बहुतेकांनी आत्मबलिदान केले. बाप्तिस्मा घेऊ, या बोलीवर जे थोडे बाहेर आले त्यांनाही ठार मारण्यात आले. म्हणजे धर्मांतराने जीव वाचेल याचीही शाश्वती नव्हती. शंभर वर्षांनी, 1290 मध्ये, इंग्लंडने सर्व ज्यूंना देशाबाहेर काढले.

पळून जा, असे सांगणारा पंडित

सक्ती केवळ ख्रिस्ती जगातच झाली असे नाही. बाराव्या शतकाच्या मध्यास उत्तर आफ्रिका आणि दक्षिण स्पेनवर आलेल्या अल्मोहाद राजवटीने ज्यू आणि ख्रिस्ती प्रजेवर इस्लाम स्वीकारण्याची सक्ती केली. कॉर्डोबा शहरातील मायमोनिडीस हा ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य आपल्या कुटुंबासह तेथून परागंदा झाला. पुढे इजिप्तमध्ये तो सुलतानाच्या दरबारापर्यंत पोहोचला आणि 1204 मध्ये वारला. सक्तीच्या धर्मांतरावर त्याच्या नावे एक प्रसिद्ध पत्र आहे. सक्तीने केवळ शब्द उच्चारावे लागत असतील, तर त्यासाठी प्राण देण्याचे बंधन नाही, जो प्राण देतो तो वंदनीय आहे, पण जो देत नाही तो धर्मभ्रष्ट नव्हे, असा या पत्राचा आशय आहे. मात्र जिथे धर्म पाळता येत नाही, ती भूमी पहिल्या संधीस सोडावी, असे त्यात बजावले आहे. हा सल्ला पुढच्या काळात अनेकांनी आचरणात आणला. पळून जाण्याच्या या वाटांपैकी एक वाट अखेरीस भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन पोहोचली.

स्पेन आणि पोर्तुगाल : बाप्तिस्म्याचा सापळा

स्पेनमध्ये 1391 च्या जून महिन्यात सेव्हिल येथे दंगल उसळली. फेरांद मार्तिनेझ या धर्माधिकाऱ्याची चिथावणीखोर प्रवचने तिच्यामागे होती. पाहता पाहता ती व्हॅलेन्सिया, बार्सिलोना आदी शहरांत पसरली. हजारो ज्यू मारले गेले आणि त्याहून कितीतरी अधिक जणांनी जीव वाचविण्यासाठी बाप्तिस्मा घेतला. अशा रीतीने एक नवाच समाज अस्तित्वात आला. त्यांना 'नवख्रिस्ती' म्हटले जाऊ लागले. कायद्याने ते ख्रिस्ती होते, पण शेजाऱ्यांच्या लेखी ज्यूच राहिले. टोलेडो शहराने 1449 मध्ये ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांना सार्वजनिक पदांवरून दूर ठेवणारा नियम केला. धर्म बदलला तरी रक्त बदलत नाही, हा विचार येथे कायद्यात उतरला.

या नवख्रिस्त्यांच्या निष्ठेची तपासणी करण्यासाठी 1478 मध्ये पोपच्या आज्ञेने स्पॅनिश इन्क्विझिशन, म्हणजेच धर्मन्यायालय, स्थापन करण्यास मान्यता मिळाली. 31 मार्च 1492 रोजी फर्डिनंड आणि इझाबेला या राजदाम्पत्याने उरलेल्या सर्व ज्यूंना, बाप्तिस्मा घ्या अन्यथा देश सोडा, असे फर्मावले. अनेक कुटुंबे शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेली. तेथे त्यांना मोबदला घेऊन तात्पुरता आसरा मिळाला.

हा आसरा पाच वर्षेही टिकला नाही. पोर्तुगालचा राजा मानुएल याला स्पेनच्या राजकन्येशी विवाह करायचा होता आणि ज्यूंची हकालपट्टी ही त्या सोयरिकीची अट होती. डिसेंबर 1496 मध्ये हकालपट्टीचा हुकूम निघाला. मात्र कुशल कारागीर, वैद्य आणि व्यापारी गमावणे राजाला परवडणारे नव्हते. त्याने वेगळीच क्लृप्ती योजली. 1497 च्या वसंतात लहान मुलांना आईबापांपासून हिरावून त्यांचा बाप्तिस्मा करण्यात आला. मुले परत हवी असतील तर पालकांनीही ख्रिस्ती व्हावे, हा त्यामागील हिशेब होता. त्यानंतर देश सोडण्याच्या आशेने लिस्बनमध्ये जमलेल्या हजारो ज्यूंना जहाजे न देता एकत्र कोंडण्यात आले आणि बाप्तिस्मा देण्यात आला. हे जेथे घडले तो एस्ताउश राजवाडा पुढे लिस्बनच्या धर्मन्यायालयाचे मुख्यालय बनला. पोर्तुगालमधून ज्यू हद्दपार झाले नाहीत, तर कागदोपत्री एका फटक्यात नाहीसे झाले.

या समाजाला स्वास्थ्य कधीच लाभले नाही. एप्रिल 1506 मध्ये लिस्बनमधील दंगलीत दोन हजारांच्या आसपास नवख्रिस्ती मारले गेल्याचे मानले जाते. 1536 मध्ये पोर्तुगालमध्येही धर्मन्यायालय आले. येथे या यंत्रणेचे मर्म समजून घेणे आवश्यक आहे. धर्मन्यायालयाचा अधिकार तत्त्वतः बाप्तिस्मा झालेल्यांवरच चालत असे. जो ज्यू ज्यूच राहिला, तो पाखंडी ठरत नव्हता. ज्याला बळजबरीने ख्रिस्ती केले, त्याने घरी शुक्रवारी दिवा लावला की तो पाखंडी ठरत होता. म्हणजे आधी सक्तीने बाप्तिस्मा द्यायचा आणि मग त्या बाप्तिस्म्याशी बेइमानी केली म्हणून शिक्षा करायची, असा हा सापळा होता.

अंजदीवचा कैदी

या सापळ्यात सापडलेला भारतीय किनाऱ्यावरील पहिला ज्ञात ज्यू कारवारजवळच्या अंजदीव बेटावर भेटतो. 1498 मध्ये परतीच्या प्रवासात वास्को द गामा याची जहाजे तेथे थांबली असता एक वयस्क, बहुभाषी गृहस्थ त्यांना भेटावयास आला. तो मूळचा पोलंडमधील ज्यू घराण्यातला असून गोव्याच्या तत्कालीन सत्ताधीशाच्या चाकरीत होता. हेरगिरीच्या संशयावरून त्याला पकडून छळ करण्यात आला. तो पोर्तुगालला नेला गेला, त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला 'गास्पार द गामा' हे नाव मिळाले. त्याचे मूळ नाव मागे पडले. पुढे 1500 मधील काब्रालच्या मोहिमेत तो दुभाषी म्हणून सहभागी झाला.

1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला. त्यानंतर पोर्तुगालमधील अनेक नवख्रिस्त्यांनी पूर्वेची वाट धरली. लिस्बनपासून हजारो मैल दूर, मसाल्याच्या व्यापारात, वैद्यकीत किंवा दलालीत निवांतपणे जगता येईल, ही आशा होती. गोवा आणि कोची येथे अशी कुटुंबे स्थिरावली. मात्र धर्मन्यायालय येण्यापूर्वीच 1543 मध्ये जेरोनिमो दियास या नवख्रिस्ती वैद्यावर गोव्यात बिशपच्या न्यायासनापुढे खटला चालला. ज्यू मते बाळगल्याच्या आरोपावरून त्याला गळा आवळून मारण्यात आले आणि नंतर त्याचा देह जाळण्यात आला.

1546 मध्ये फ्रान्सिस झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात भारतात धर्मन्यायालय स्थापण्याची मागणी केली. मोझेसच्या आणि महंमदाच्या पंथाप्रमाणे वागणारे लोक येथे उघडपणे राहतात, असे कारण त्यात दिले होते. 1557 मध्ये कोचीच्या नवख्रिस्त्यांची चौकशी होऊन धरपकड झाली. अखेर 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले.

'व्हडलें घर'

आदिलशहाचा जुना राजवाडा या न्यायालयाला देण्यात आला. लोक त्याला कोकणीत 'व्हडलें घर', म्हणजे मोठे घर, म्हणत. त्याचे अधिकारक्षेत्र पूर्व आफ्रिकेपासून मकावपर्यंतच्या पोर्तुगीज मुलुखावर होते. आजच्या महाराष्ट्रातील वसई, चौल-रेवदंडा आणि सुरुवातीची मुंबई त्यात येत असे.

कामकाजाची पद्धत ठरलेली होती. प्रथम जाहीरनामा निघे. ज्यांना पापाची कबुली द्यायची आहे किंवा इतरांविषयी माहिती द्यायची आहे त्यांनी पुढे यावे, असे आवाहन त्यात असे. छुप्या ज्यूंची लक्षणे सांगितली जात. शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणे, शनिवारचा स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवणे, डुकराचे मांस किंवा खवले नसलेली मासळी टाळणे, ठराविक दिवशी उपवास करणे ही त्यांपैकी काही. म्हणजे घरातील चूल, कपड्यांची घडी आणि ताटातील पदार्थ हेच पुरावे ठरत. साक्ष देणारे बहुधा नोकर, शेजारी किंवा नातलग असत.

आरोपीला तक्रारदाराचे नाव सांगितले जात नसे. आपला गुन्हा त्याने स्वतः ओळखून कबूल करावा, अशी अपेक्षा असे. मालमत्ता जप्त होई. कबुलीसाठी दोराने टांगण्यासारखे छळाचे प्रकार वापरले जात. निकाल 'आउतो द फे' नावाच्या जाहीर समारंभात घोषित होत. आरोपींना विशिष्ट झगे घालून मिरवणुकीने नेले जाई. मृत्युदंड झालेल्यांच्या झग्यावर ज्वाळा आणि सैतानांची चित्रे रंगविलेली असत. धर्मन्यायालय स्वतः कोणाचा जीव घेत नसे. ते आरोपीला 'राजसत्तेच्या स्वाधीन' करी आणि जाळण्याचे काम राजसत्ता करी. अखेरच्या क्षणी पश्चात्ताप व्यक्त करणाऱ्यास आधी गळा आवळून मारण्याची 'सवलत' मिळे. जे पळून गेले असत त्यांच्या प्रतिमा जाळल्या जात. जे मरण पावले असत त्यांची हाडे उकरली जात. शार्ल देलॉं या फ्रेंच वैद्याला दमण येथे पकडून गोव्यात आणण्यात आले होते. जानेवारी 1676 मधील अशा समारंभात त्याला शिक्षा झाली. सुटकेनंतर 1687 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तान्तामुळे गोव्यातील तुरुंगाचे वर्णन युरोपभर पोहोचले.

गार्सिया द ओर्ता : निजामशहाचा वैद्य

या यंत्रणेचा सर्वांत विख्यात बळी म्हणजे गार्सिया द ओर्ता. त्याचे आईवडील 1492 मध्ये स्पेनमधून पोर्तुगालला आलेले ज्यू. 1497 मध्ये त्यांचाही सक्तीने बाप्तिस्मा झाला. गार्सियाचा जन्म सुमारे 1501 मध्ये पोर्तुगालमधील कास्तेलो द विद या सरहद्दीवरील गावी झाला. स्पेनमधील सालामांका आणि आल्काला विद्यापीठांत त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले. लिस्बनच्या विद्यापीठात त्याने काही काळ अध्यापन केले. 1534 मध्ये मार्तिम आफोन्सो द सोझा याच्याबरोबर तो गोव्यात आला आणि मायदेशी कधीच परतला नाही.

वैद्य म्हणून त्याचा लौकिक इतका वाढला, की अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याला उपचारांसाठी पाचारण करी. दरबारातील हकीम आणि देशी वैद्य यांच्याशी त्याच्या चर्चा होत. पुढे मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सत्तेकडून भाडेपट्ट्याने मिळाले. तेथे त्याचे घर होते आणि मुंबईच्या आंब्याचे कौतुक त्याने लिहून ठेवले आहे. भारतातील औषधी वनस्पती आणि द्रव्यांवरील त्याचा संवादरूपी ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. पोर्तुगालचा महाकवी लुईस द कामोंइश याची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथात आहे. पटकीच्या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले आरंभीचे सविस्तर वर्णनही त्यात सापडते. 1567 मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप निघाला आणि युरोपभर त्याचे नाव झाले.

1568 मध्ये ओर्ता वारला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या धर्मन्यायालयाने अटक केली. चौकशीत तिने आपण आणि आपला भाऊ ज्यू धर्म मानत होतो, असे सांगितल्याची नोंद आहे. 25 ऑक्टोबर 1569 रोजी तिला जाळण्यात आले. त्यानंतर मृत भावावर खटला चालला. 4 डिसेंबर 1580 रोजी ओर्ताची हाडे थडग्यातून काढून जाळण्यात आली.

विशेष म्हणजे ओर्ताच्या चाहत्यांनाही ही हकिगत दीर्घकाळ ठाऊक नव्हती. एकोणिसाव्या शतकात त्याचे विस्तृत चरित्र लिहिले गेले, त्यात तिचा उल्लेख नाही. ऑगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो या पोर्तुगीज संशोधकाने 1934 मध्ये धर्मन्यायालयाची कागदपत्रे उजेडात आणली, तेव्हा सत्य बाहेर आले. तो खरोखर छुपा ज्यू होता काय, याचा पुरावा म्हणजे छळाच्या छायेत दिलेल्या जबान्या. त्याच्या ग्रंथात मात्र ग्रीक आचार्यांच्या वचनापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले अधिक खरे मानण्याची वृत्ती जागोजागी दिसते. ज्याच्या घराण्याला बोलण्याची चोरी होती, त्याने वनस्पतींविषयी तरी निर्भयपणे लिहिले.

ज्यूंकडून स्थानिकांकडे

गोव्याच्या धर्मन्यायालयाने 1561 ते 1774 या काळात 16,202 प्रकरणे हाताळल्याची गणना संशोधकांनी केली आहे. त्यांपैकी किमान 57 जणांना प्रत्यक्ष आणि 64 जणांना प्रतिमारूपाने जाळल्याचे आढळते. मूळ कागदपत्रांचा मोठा भाग नष्ट झाल्याने हे आकडे किमान स्वरूपाचेच मानावे लागतात. आरंभीच्या दशकांत मृत्युदंड झालेल्यांत नवख्रिस्ती ठळकपणे दिसतात. कालांतराने त्यांची संख्या रोडावली आणि धर्मन्यायालयाचे लक्ष स्थानिक धर्मांतरितांकडे वळले. 1736 च्या जाहीरनाम्याने लग्नातील रूढींपासून अंगणातील तुळशीपर्यंत अनेक हिंदू चालीरीतींवर बंदी घातली. ज्यू घरातील शुक्रवारचा दिवा आणि गोव्यातील अंगणातली तुळस, दोन्हींकडे पाहण्याची नजर एकच होती. घराच्या उंबऱ्याआड काय चालते, हा राज्याचा विषय झाला होता.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि 1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आले, तेव्हा उत्तर कोकणातून हा अंमल संपला. गोव्यात 1774 मध्ये धर्मन्यायालय बंद झाले, 1778 मध्ये पुन्हा सुरू झाले आणि 1812 मध्ये कायमचे संपुष्टात आले. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत मराठीचे व्यासंगी संशोधक अ. का. प्रियोळकर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा गोवा इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथ 1961 मध्ये, म्हणजे गोवामुक्तीच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला.

किनाऱ्याची दुसरी बाजू

त्याच अरबी समुद्राच्या काठावर चित्राची दुसरी बाजूही होती. अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून आपले पूर्वज वाचले, अशी बेने इस्राईल समाजाची परंपरा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची प्रथा यांमुळे कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांनी मराठी आपलीशी केली. नवगावकर, केहिमकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावली. मराठीतून कीर्तनेही रचली. शनिवार पाळला म्हणून त्यांना एक टोपणनाव मिळाले, गोव्यात त्याच शनिवारासाठी प्राण जात होते. फरक इतकाच, की त्यांना कोणी बळाने बाप्तिस्मा दिलेला नव्हता.

कोचीच्या ज्यूंना तेथील हिंदू राजाचे छत्र लाभले. राजवाड्याला लागून 1568 मध्ये त्यांचे परदेशी सिनेगॉग उभे राहिले. ओर्ताच्या मृत्यूचे आणि त्याच्या बहिणीच्या अटकेचे वर्षही हेच. पुण्यात 1867 मध्ये पूर्ण झालेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे पुणेकरांचे 'लाल देऊळ', बगदादमधील छळाला कंटाळून भारतात आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधले. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

परतीची वाट

बळजबरीने बाटलेल्यास परत घ्यावे काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. औरंगजेबाच्या कैदेत 1667 मध्ये मुसलमान केले गेलेले सरनोबत नेताजी पालकर सुमारे नऊ वर्षांनी परतले. 1676 मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना विधिपूर्वक स्वधर्मात घेतले. बारामतीपासून जवळच असलेल्या फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकर यांच्याविषयीही अशीच परंपरा सांगितली जाते, मात्र तिच्या तपशिलाबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. ज्यू पंडितांनी तर अकराव्या शतकातच, सक्तीने बाटून परतलेल्याला त्याच्या भूतकाळाची आठवण करून हिणवू नये, असा दंडक घातला होता.

काहींच्या परतीला शतके लागली. पोर्तुगालमधील बेल्मोंते या डोंगराळ गावात काही कुटुंबांनी बाहेरून ख्रिस्ती राहून घरात ज्यू प्रार्थना जपल्या होत्या. 1917 मध्ये सॅम्युएल श्वार्झ या पोलिश ज्यू अभियंत्याला त्यांचा शोध लागला. प्रार्थना आईकडून मुलीकडे तोंडी येत गेल्या होत्या. 1996 मध्ये तेथे सिनेगॉग उभे राहिले. 2015 मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांनी हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारे कायदे अमलात आणले. स्पेनमधील अर्जांची मुदत 2019 मध्ये संपली, तर पोर्तुगालने 2022 मध्ये अटी कडक केल्या.

गोव्यातील 'व्हडलें घर' एकोणिसाव्या शतकात पाडले गेले. पणजीतील म्युनिसिपल गार्डन मात्र गार्सिया द ओर्ता याच्या नावाने ओळखले जाते. ज्याला थडगेही राहू दिले नाही, त्याचे नाव एका बागेने राखले आहे. कातारिनाच्या नावाने मात्र काही नाही. हुतात्म्यांच्या यादीत ती बसते काय, असा प्रश्न कोणी विचारील, कारण छळाखाली तिने कबुली दिली, भावाचेही नाव घेतले. परंतु 'अनुसीम' हा शब्द घडविणाऱ्या परंपरेने त्याचे उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे. बळजबरी झालेल्याकडे बोट दाखवायचे नसते, बोट बळजबरी करणाऱ्याकडे दाखवायचे असते.

घटनाक्रम

1096 : ऱ्हाइनकाठच्या शहरांत ज्यूंचे हत्याकांड
1190 : यॉर्क येथील आत्मबलिदान
1391 : स्पेनमध्ये दंगली आणि सामुदायिक धर्मांतरे
1492 : स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी
1497 : पोर्तुगालमध्ये सक्तीचा बाप्तिस्मा
1498 : अंजदीव येथे ज्यू प्रवाशाला अटक, पुढे 'गास्पार द गामा' नावाने बाप्तिस्मा
1510 : गोव्यावर पोर्तुगीज अंमल
1543 : गोव्यात जेरोनिमो दियास याला मृत्युदंड
1560 : गोव्यात धर्मन्यायालयाची स्थापना
1563 : गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथाचे गोव्यात मुद्रण
1569 : कातारिना द ओर्ता हिला जाळले
1580 : गार्सिया द ओर्ताची हाडे उकरून जाळली
1739-40 : वसई आणि चौल मराठ्यांकडे
1812 : गोव्यातील धर्मन्यायालय कायमचे बंद